कारच्या वापरलेल्या इंजिन ऑइलचा तपासणी अहवाल कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या अहवालातून नेमकं काय कळतं?

तीन गोष्टी कळतात. इंजिन किती झिजतंय, ऑइलमध्ये बाहेरून काय शिरलंय आणि ऑइल स्वतः किती दमलंय. लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम, क्रोमियम हे धातू झिजेचे. सिलिकॉन, सोडियम, पोटॅशियम, पाणी, इंधन आणि काजळी हा बाहेरून आलेला माल. व्हिस्कॉसिटी (ऑइलचा जाड-पातळपणा), टीबीएन (आम्ल मारण्याची उरलेली ताकद) आणि ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजनने ऑइल खराब होणं) यांवरून ऑइलची तब्येत समजते. यांशिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस, मॉलिब्डेनम, बोरॉन असे आकडे दिसतात. ते बहुतेक वेळा कंपनीने ऑइलमध्येच घातलेल्या रसायनांचे असतात. जस्त वाढलेलं पाहून इंजिन झिजलं असं समजू नका. झिजेपासून वाचवणाऱ्या रसायनातच जस्त आणि फॉस्फरस असतात.

अहवाल हातात आल्यावर लोक एकेक आकडा नेटवरच्या तक्त्याशी ताडून पाहतात. खरी गडबड तिथेच होते. एकटा आकडा फार थोडं सांगतो. तो कोणत्या आकड्याच्या जोडीने वाढला, किती किलोमीटरमध्ये वाढला आणि मागच्या वेळी किती होता, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पीपीएम म्हणजे प्रत्यक्षात किती?

दहा लाख भागांत एक भाग, म्हणजेच एक किलो ऑइलमध्ये एक मिलीग्रॅम. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ४ लिटर ऑइल असेल तर त्याचं वजन साधारण ३.४ किलो भरतं. अहवालात लोखंड २० पीपीएम आलं, तर त्या ऑइलमध्ये जेमतेम ६८ मिलीग्रॅम लोखंड आहे. हजारो किलोमीटर चाललेल्या इंजिनातून एवढं लोखंड निघणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून १२ चे १४ झाले की लगेच मेकॅनिककडे धावायचं कारण नाही. एवढा फरक यंत्राच्या मोजणीतही पडतो.

लॅबने लाल अक्षरांत ‘सावधान’ लिहिलंय. किती घाबरायचं?

आधी लॅबने मर्यादा कुठून घेतल्या ते विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबचं मुख्य काम कारखान्यांची यंत्रं, जनरेटर, जहाजं आणि जेसीबीसारख्या गाड्यांसाठी चालतं. त्या इंजिनांत ऑइल कितीतरी जास्त असतं आणि ते किलोमीटरवर नाही तर तासांवर मोजलं जातं. तीच मर्यादा साडेतीन लिटर ऑइलच्या पेट्रोल हॅचबॅकला लावली तर शेरा चुकतो. कधी उगाच भीती घालतो, कधी खरा धोका दिसूच देत नाही.

घरी करता येईल असा हिशेब सोपा आहे. झिजेच्या धातूचा आकडा घ्या आणि ऑइल जितके हजार किलोमीटर चाललं त्याने भागा. १०,००० किलोमीटरमध्ये ३० पीपीएम लोखंड म्हणजे दर हजारी ३. ५,००० मध्येच ३० असेल तर दर हजारी ६. आकडा तोच आहे, पण दुसऱ्या इंजिनाची झीज दुप्पट वेगाने चालली आहे.

यात टॉपअप विसरू नका. सरबतात पाणी ओतल्यावर गोडी उतरते, पण साखर तेवढीच राहते. मधे लिटरभर नवं ऑइल ओतलं असेल तर सगळे धातू कमी दिसतात, पण झीज झाली तेवढीच असते. ऑइल पिणाऱ्या गाडीचा अहवाल म्हणूनच पुष्कळदा खऱ्यापेक्षा छान दिसतो.

लोखंड जास्त आलं. इंजिनाचं काम निघेल का?

एकट्या लोखंडावरून तसं म्हणता येत नाही. लायनर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप असे जवळपास सगळे मोठे भाग लोखंडाचे असतात. त्यामुळे झिजेच्या धातूंत हा आकडा सहसा सर्वांत मोठा असतो आणि किलोमीटरबरोबर वाढतो. गाडी बरेच महिने उभी राहिली असेल तर आतल्या गंजाचंही लोखंड येतं. पावसाळाभर न हललेल्या गाडीत असं हमखास होतं.

लोखंडाबरोबर क्रोमियम आणि ॲल्युमिनियमही चढले असतील तर रिंग, पिस्टन आणि बोअरकडे बोट जातं. लोखंड एकटंच चढलं आणि बाकी सगळं शांत असेल तर कॅम किंवा चेनचा विचार करायचा, पण पुढचा नमुना येईपर्यंत इंजिन खोलायचं नाही.

नवी गाडी असेल तर पहिल्या एक-दोन अहवालांत लोखंड, तांबं आणि सिलिकॉन तिन्ही चढलेले दिसतील. भाग एकमेकांना बसत असतात आणि जोडांना लावलेलं सीलंट ऑइलमध्ये उतरत असतं. त्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

तांबं एकदम वाढलं, पण शिसं आणि कथिल जागच्या जागी आहेत. बेअरिंग गेलं का?

शक्यता कमी. जुन्या पद्धतीच्या बेअरिंगमध्ये वर शिसं-कथिलाचा थर आणि खाली तांब्याचा मिश्रधातू असायचा. तसं बेअरिंग झिजताना आधी शिसं आणि कथिल दिसतं, तांबं मागून येतं. तांबं एकटंच आलं तर ते बहुधा ऑइल कूलरच्या आतल्या पृष्ठभागावरून रासायनिक क्रियेने सुटलेलं असतं. नव्या कूलरमध्ये किंवा ऑइलचा ब्रँड बदलल्यावर असं घडतं आणि पुढच्या एक-दोन ऑइल चेंजमध्ये आकडा आपोआप उतरतो.

इथे एक मोठी सावधगिरी बाळगा. युरोपच्या नियमांमुळे गाड्यांच्या बेअरिंगमधून शिसं जवळपास हद्दपार झालं. आजच्या पुष्कळ इंजिनांत ॲल्युमिनियम-कथिल किंवा तांबं-बिस्मथ अशी बेअरिंग असतात. तुमच्या अहवालात शिसं शून्य आहे म्हणून बेअरिंग ठणठणीत, असं म्हणता येत नाही. त्यात शिसंच नसेल तर दिसणार कुठून? अशा वेळी कथिल आणि ॲल्युमिनियम पाहा. लॅब बिस्मथ मोजत असेल तर तोही पाहा.

जुन्या लेखांत शिसं म्हणजे पेट्रोलमधलं शिसं असंही लिहिलेलं सापडेल. भारतात २००० सालापासून बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे ते कारण आता लागू नाही.

सिलिकॉन २५ आलं. हे काय आहे?

महाराष्ट्रातल्या गाड्यांसाठी मी सर्वांत आधी पाहतो तो हा आकडा. आपल्या रस्त्यांवर धूळ कमी नाही. मुरुमाचे कच्चे रस्ते, खडी क्रशरचा परिसर, ऊसतोडीच्या हंगामातल्या पाणंदी, कुठे ना कुठे चालू असलेलं रस्त्याचं काम. धुळीत सिलिका असते आणि ती लोखंडापेक्षा कठीण असते. एअर फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ रिंग आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासते.

पण सिलिकॉनचे उगम तीन आहेत. धूळ, सीलंट आणि ऑइलमध्ये फेस होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. शेवटचं ताज्या ऑइलच्या नमुन्यातच दिसतं आणि ते अगदी थोडं असतं. हेड किंवा चेंबर खोलून नुकतंच काम झालं असेल तर सीलंटमुळे सिलिकॉन उडी मारतं, मात्र लोखंड आणि क्रोमियम हलत नाहीत. धूळ असेल तर सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम चढतं, कारण मातीत दोन्ही असतात, आणि पाठोपाठ लोखंड व क्रोमियम चढतं.

इंग्रजी तक्त्यांत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं ठरावीक गुणोत्तर धुळीची खूण म्हणून दिलेलं असतं. ते आपल्याकडे आंधळेपणाने लावू नका. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत सिलिका तुलनेने कमी आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लाल धुळीत फिरणाऱ्या गाडीचं गुणोत्तर वेगळं येणारच, आणि तिथलं थोडं लोखंड धुळीबरोबरही आलेलं असू शकतं.

धूळ निश्चित झाली तर ऑइलचा ब्रँड बदलून उपयोग नाही. फिल्टरची पेटी उघडा. कडेच्या रबराचा ठसा चारही बाजूंनी सलग उमटलाय का? पेटीची एखादी क्लिप तुटलेली आहे का? मग फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनकडे जाणारा पाइप काढा आणि आतून पांढरं कापड फिरवा. तो भाग स्वच्छच असायला हवा. कापडावर बारीक मातकट थर आला तर गळती फिल्टरजवळ किंवा त्याच्या पुढच्या क्लॅम्पपाशी आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर साफ करून पुन्हा बसवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. जोरदार हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर काही शेकड्यांना मिळतो. रिंग-पिस्टनचं काम कितीला पडतं ते कोणत्याही गॅरेजमध्ये विचारून बघा.

सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर?

पहिला संशय कूलंटवर. कूलंटच्या रसायनांत यांपैकी एक किंवा दोन्ही असतात. पाणी इंजिनच्या उष्णतेने उडून जातं, म्हणून पाण्याचा रकाना कोरा असतो, पण हे क्षार मागे राहतात आणि हेड गॅस्केटची बारीक गळती उघडी पाडतात. दोन अहवालांत ते सलग वाढत असतील, कूलंटची टाकी हळूहळू उतरत असेल आणि सोबत तांबं-शिसंही चढत असेल तर थांबू नका. कूलंटमधला ग्लायकॉल गरम ऑइलमध्ये आम्ल तयार करतो आणि ते बेअरिंगला खातं. या एका बाबतीत पुढच्या नमुन्याची वाट पाहू नये, कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट लगेच करून घ्यावी.

अपवाद दोन. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असतं. आणि नव्या टर्बो गाडीत पोटॅशियम ॲल्युमिनियमबरोबर वाढून नंतर उतरतं, कारण इंटरकूलर जोडताना वापरलेल्या रसायनाचे अवशेष आत राहिलेले असतात.

५डब्ल्यू-३० टाकलं होतं, आता व्हिस्कॉसिटी २० ग्रेडची निघाली. ऑइल बोगस होतं का?

बोगस ऑइल बाजारात आहेच, पण आधी दोन साधी कारणं तपासा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या आत असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ च्या आत. ९.३ च्या खाली गेलं की ऑइल २० ग्रेडमध्ये मोडतं.

पहिलं कारण असं की ऑइलमधले लांब पॉलिमर गिअर आणि चेनमध्ये चिरडून तुटतात. याने ऑइल थोडं पातळ होतं आणि मग स्थिरावतं. दुसरं कारण इंधन. यातला फरक फ्लॅश पॉइंट सांगतो, म्हणजे ज्या तापमानाला ऑइलची वाफ ठिणगीने पेट घेते ते. नव्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंशांच्या वर असतो. पॉलिमर तुटल्याने तो हलत नाही, इंधन मिसळल्याने मात्र खाली येतो. शक्य असेल तर लॅबकडून गॅस क्रोमॅटोग्राफीने इंधनाची टक्केवारीच मागा. नुसत्या फ्लॅश पॉइंटवरून काढलेली टक्केवारी अंदाजाची असते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये हा प्रश्न विशेष आहे. डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचलेली काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत उशिरा, जादा डिझेल फवारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून रिंगच्या खाली, चेंबरमध्ये जातं. हायवेवर ही साफसफाई एका दमात पूर्ण होते. शहरात पाच-सात किलोमीटरवर गाडी बंद केली की ती अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते. दर वेळी थोडं डिझेल खाली उतरतं. पेट्रोल लांबच्या प्रवासात बरंचसं उडून जातं, डिझेल सहसा उडत नाही.

याची खूण लॅबशिवायही मिळते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि गेज काढा. ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं असेल तर ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून खूश होऊ नका. ऑइलमध्ये डिझेल साचतंय. कोथरूडहून हिंजवडीला रोज रांगणाऱ्या डिझेल गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालवणं हा पहिला इलाज. तरीही आकडा उतरला नाही तर इंजेक्टर तपासायचे.

व्हिस्कॉसिटी उलट वाढली असेल तर काजळी, ऑक्सिडेशन किंवा टॉपअपला ओतलेलं जाड ऑइल, एवढंच.

टीबीएन किती उरला की ऑइल बदलायचं?

टीबीएन म्हणजे आम्ल मारून टाकण्याची ऑइलमध्ये उरलेली ताकद. सर्वसाधारण संकेत असा की तो ताज्या ऑइलच्या निम्म्यावर आला, किंवा वाढत जाणाऱ्या टीएएनने (ऑइलमध्ये साचलेल्या आम्लाच्या आकड्याने) त्याला गाठलं, की ऑइल उतरवायचं. पण ताज्या आणि वापरलेल्या ऑइलच्या टीबीएनच्या मोजण्या एकाच पद्धतीच्या हव्यात. ताज्या ऑइलच्या माहितीपत्रकावर बहुधा एएसटीएम या प्रमाणन संस्थेच्या डी २८९६ पद्धतीचा आकडा असतो. लॅबने डी ४७३९ पद्धत वापरली तर आकडा मुळातच कमी येतो आणि ऑइल प्रत्यक्षापेक्षा जास्त संपलेलं वाटतं.

टीबीएनची जुनी भीती आता बरीच कमी झाली आहे. बीएस-३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १०. गंधक घटलं तसं आम्लही घटलं. म्हणूनच डीपीएफच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या कमी राखेच्या सी-३ (युरोपीय दर्जाच्या) ऑइलमध्ये टीबीएन सुरुवातीपासून कमी असला तरी भागतं. जास्त टीबीएनच्या मोहाने अशा गाडीत ट्रकचं ऑइल ओतू नका. त्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते.

ताज्या ऑइलचा नमुना वेगळा तपासायचा? तो खर्च कशाला?

पहिल्या वेळी करा, त्याच डब्यातलं ऑइल पाठवा. मॉलिब्डेनम, बोरॉन, सोडियम, सिलिकॉन यांतलं ऑइलमध्ये आधीपासून किती होतं हे कळलं की पुढचे सगळे अहवाल सोपे होतात. शिवाय रसायनांची पद्धतही बदलत असते. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या पुष्कळ ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं, कारण छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर होणाऱ्या अवेळी ज्वलनाला जास्त कॅल्शियम खतपाणी घालतं. हे माहीत नसेल तर कॅल्शियम घटलेलं पाहून ऑइलमध्ये भेसळ असल्याचा समज होतो. आणि खरंच भेसळ असेल, तर तीही या ताज्या नमुन्यातच पकडली जाते.

सीएनजी गाडीत वेगळं काय बघायचं?

नायट्रेशन (ज्वलनातल्या नायट्रोजनच्या वायूंनी ऑइल खराब होणं) आणि ऑक्सिडेशन. गॅसमुळे काजळी जवळजवळ होत नाही, ऑइल दिसायला सोनेरी राहतं आणि मालक ते चालवत राहतो. रंगावर जाऊ नका. सीएनजीचं ऑइल न काळवंडताच जाड आणि आम्लधर्मी होऊ शकतं. डिझेलचं ऑइल याउलट बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि तरीही उत्तम काम करत असतं.

नमुना कसा काढायचा?

निम्मे चुकीचे अहवाल इथेच जन्म घेतात असं माझं ठाम मत आहे. गाडी वीस-तीस मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम झालेलं हवं. ड्रेन नटभोवतालची माती आधी ब्रशने आणि कापडाने पुसा, नाहीतर तीच माती सिलिकॉन बनून अहवालात येते. नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या, त्यात तळाचा गाळ असतो. धार स्थिर झाली की मधल्या धारेत बाटली धरा आणि १०० मिलीच्या आसपास भरून बाजूला घ्या. शेवटचे थेंब नकोत. गॅरेजमधल्या ट्रेमधून बुडवून घेतलेला नमुना अजिबात नको, त्या ट्रेमध्ये आधीच्या पाच गाड्यांचं ऑइल असतं. पाण्याची किंवा सरबताची धुतलेली बाटलीही नको, कोरडी आणि कोरी बाटली घ्या.

बाटलीवर ऑइलचं नाव आणि ग्रेड, गाडीचे एकूण किलोमीटर, या ऑइलवरचे किलोमीटर आणि किती टॉपअप केलं ते लिहा. एअर फिल्टर कधी बदलला आणि इंजिन कधी उघडलं होतं, हेही लिहा.

एखादा अहवाल वाचून दाखवाल का?

समजा बीएस-६ टर्बो डिझेल आहे, ५डब्ल्यू-३० सी-३ ऑइल, ९,००० किलोमीटर चाललेलं. लोखंड ३८, ॲल्युमिनियम ९, क्रोमियम ३, तांबं ६, शिसं १, सिलिकॉन २२, सोडियम ५, पोटॅशियम २. व्हिस्कॉसिटी ९.६, डिझेल ५ टक्के. मागच्या वेळी १०,००० किलोमीटरवर लोखंड १८ आणि सिलिकॉन ८ होतं. ताज्या ऑइलमध्ये सिलिकॉन ५, व्हिस्कॉसिटी १२.१.

सोडियम-पोटॅशियम शांत आहे, म्हणजे कूलंटची काळजी नाही. तांबं-शिसंही शांत. लोखंड मात्र दर हजारी १.८ वरून ४.२ वर गेलं. सिलिकॉन ताज्यापेक्षा १७ ने वर, सोबत ॲल्युमिनियम आणि क्रोमियम. ही धूळ आहे. दुसरीकडे डिझेल ५ टक्के, त्यामुळे ऑइल ३० ग्रेडच्या तळाला टेकलंय. पातळ ऑइल आणि त्यात धूळ, दोन्ही मिळून झीज वाढवतायत.

मी असतो तर आज एअर फिल्टरची पेटी आणि पाइप तपासला असता, ऑइल बदललं असतं आणि पुढचा नमुना ५,००० किलोमीटरवर घेतला असता. इंजिन उघडायचा विषय नाही. पुढच्या अहवालात सिलिकॉन उतरलं आणि लोखंड उतरलं नाही, तरच डिझेलच्या मागे आणखी खोलात जायचं.

अहवाल चांगला असूनही इंजिन अचानक बिघडू शकतं का?

हो. धातू मोजणाऱ्या यंत्राला साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. हळूहळू होणारी झीज बारीक कण सोडते, ती पकडली जाते. एखादा भाग अचानक तुटायला लागला की मोठे कण सुटतात, ते फिल्टरमध्ये अडकतात आणि अहवाल स्वच्छ येतो. चेनचे प्लॅस्टिक गाइड तर धातूच नाहीत. म्हणून संशय असेल तेव्हा जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहा. चमकणारे कण दिसले की चुंबक लावा. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंग.

जुनी गाडी घेताना ही तपासणी करावी का?

विक्रेत्याने कालच ऑइल बदललं असेल तर अहवालात काहीच दिसणार नाही. ऑइल जुनं आहे अशी खात्री असेल तर कूलंट आणि धूळ या दोन गोष्टींसाठी एक नमुनाही कामाचा आहे. बाकी सगळ्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट जास्त भरवशाची.

अहवाल चांगला आला. आता १०,००० ऐवजी १५,००० किलोमीटर चालवू का?

वॉरंटीत असाल तर नाही. कंपनीचं वेळापत्रक मोडल्यावर लॅबचा कागद दाखवून क्लेम मिळेल या भरवशावर राहू नका. वॉरंटी संपली असेल आणि सलग दोन-तीन अहवालांत टीबीएन, व्हिस्कॉसिटी आणि लोखंडाचा वेग चांगला असेल तर हजार-दोन हजाराने वाढवा आणि पुन्हा नमुना घ्या. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये चालणारी गाडी असेल तर किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन्‌तास चालू असतं. अशा गाडीला मी मुदत वाढवून देणार नाही, अहवाल कितीही छान आला तरी.